वागळे इस्टेटमधलं पोळीभाजी केंद्र, जिथे उधारी चालत नाही

आधी पोळीबद्दल बोलू, बाकीचं नंतर. घडीची पोळी आहे, पदर नीट सुटतात, कडा जाड नाहीत (हे मुद्दाम लिहितेय कारण ठाण्यातल्या निम्म्या पोळीभाजी केंद्रांत कड म्हणजे वातड पट्टा असतो आणि मधे नुसता कागद), आणि सकाळी नेलेली पोळी संध्याकाळी डबा उघडल्यावर पण मऊच असते. १२ रुपयाला एक. महाग वाटेल काहींना, कोपऱ्यावर ८ ला मिळते मला माहितीये, पण ती ८ वाली जरा उजेडात धरून बघा, पलीकडे उभा असलेला माणूस ओळखू येतो.

भाज्या रोज दोनच, एक सुकी एक रस्सा, खडूने फळ्यावर लिहिलेल्या असतात. मटकीची उसळ, दुधी चणाडाळ, फरसबी, कोबी वगैरे नेहमीचंच, पण बुधवारी वालाचं बिरडं असतं आणि ते खरंच खाण्यासारखं आहे, एक साल दाताखाली येत नाही, एवढे वाल सोलत बसणाऱ्या बाईला माझा साष्टांग नमस्कार. आमटी चिंचगुळाची, बाहेर मिळते तशी दाल फ्राय टाईप नाही. थाळी ११० ला, त्यात ३ पोळ्या, दोन्ही भाज्या, वरण किंवा आमटी, भात, कोशिंबीर आणि ठेचा. ठेचा जपून घ्या, आमच्या ऑफिसातल्या एका नवीन मुलाने चटणी समजून चमचाभर खाल्ला आणि पुढची मीटिंग त्याने मान हलवूनच केली.

केंद्र वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या गाळ्यात आहे, पूर्वी तिथे प्रिंटिंगचं काम चालायचं, अजून भिंतीवर शाईचे डाग आहेत. एक सामाजिक संस्था चालवते, वीसेक बायका काम करतात, किसननगर, लोकमान्यनगर, इंदिरानगर इकडच्या, बहुतेक जणींचं घर एकटीच्या जिवावर चालणारं. नाव लिहीत नाहीये, कारण मी चालवणाऱ्या ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "लिही हवं ते, पण नाव नको टाकूस बाई, आहेत त्याच ऑर्डरी झेपत नाहीयेत." वागळेमध्ये काम करणाऱ्यांना वर्णनावरून कळेलच म्हणा.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त आवडली. तिथे भिंतीवर एक पण करुण पोस्टर नाही. म्हणजे "तुमच्या एका घासाने एका अबलेच्या आयुष्यात प्रकाश" वगैरे प्रकार, त्या शेजारी डोळे पुसणाऱ्या बाईचा फोटो, असलं काही नाही. मी अशा बऱ्याच प्रदर्शनांना, स्टॉलना जाते, आणि खूप ठिकाणी होतं काय की चकली मऊ पडलेली असते पण कहाणी इतकी दर्दभरी असते की तुम्ही गपचूप पैसे देऊन पिशवी घेता आणि घरी येऊन कामवालीला देता. मग पुढच्या वर्षी तुम्ही त्या स्टॉलकडे फिरकत नाही. दयेवर एकदा विक्री होते, दुसऱ्यांदा चकली कुरकुरीतच लागते. या ताईंना हे बरोब्बर कळलेलं आहे आणि तिथला नियमच आहे म्हणे की काउंटरवरच्या बाईने स्वतःच्या घरची गोष्ट गिऱ्हाइकाला सांगायची नाही, आणि गिऱ्हाइकाने विचारली तर उत्तर द्यायचं बंधन नाही. हे मी प्रत्यक्ष बघितलं. एक काका, चांगल्या घरचे, थाळी घेता घेता काउंटरवरच्या मावशींना विचारतात, "मिस्टर काय करतात तुमचे?" मावशी सुट्टे मोजता मोजता, वर न बघता, "तुमच्या मिसेस काय करतात?" काका थाळी घेऊन निमूट कोपऱ्यातल्या टेबलावर.

मी अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे माझं लक्ष जेवणानंतर लगेच बिलाकडे जातं, आणि खरं सांगायचं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला तो बिलामुळेच. झालं असं की आमच्या ऑफिसला रोजचे डबे लावायचे होते, पस्तीस चाळीस माणसांचे. सगळ्यांना इथलंच जेवण हवं होतं. आमचे ॲडमिनवाले साहेब बोलायला गेले, मला पण नेलं हिशोबासाठी. रेट ठरला, मेनू ठरला, सगळं गोडीगुलाबीत, आणि मग साहेब म्हणाले पेमेंट टर्म्स आमच्या स्टँडर्ड आहेत, ६० दिवस. ताईंनी त्यांच्या मागच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर दोनच शब्द, उधारी बंद. साहेबांना वाटलं ती पाटी चहा पिणाऱ्या रिक्षावाल्यांसाठी आहे. ते म्हणाले, "अहो मॅडम, आम्ही कंपनी आहोत." ताई म्हणाल्या, "म्हणूनच तर. रिक्षावाला संध्याकाळी आणून देतो."

मग त्यांनी एक वही काढली आणि साधा हिशोब मांडला. चाळीस डबे, दिवसाला साधारण साडेचार हजार, महिन्याचे २५ दिवस धरले तरी लाखाच्या वर, आणि ६० दिवस म्हणजे सव्वादोन लाख रुपये कंपनी माझ्याकडून बिनव्याजी घेणार. गहू रोखीने, तेल रोखीने, कमर्शियल सिलेंडर तर ॲडव्हान्सच, आणि बायकांचा पगार ७ तारखेला. "मग हे सव्वादोन लाख मी कुठून आणू? या बायकांच्या पगारातून ना?" साहेब गप्प. मी पण गप्प, कारण व्हेंडरची पेमेंट लटकवायची कामं मीच करते ना रोज, मला माहितीये कशी चालढकल होते ती, आज साहेब सहीला नाहीत, उद्या पीओ (खरेदीची ऑर्डर) नंबर चुकलाय. शेवटी पंधरा दिवसांचा ॲडव्हान्स आणि पंधरवड्याला हिशोब असं ठरलं, आणि ते नीट चाललंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, छोट्या उद्योगांसाठी २००६ चा एमएसएमई कायदा आहे, त्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. आणि आता तर इन्कम टॅक्समध्ये पण आलंय, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षीच मिळते. त्यामुळे मार्च आला की आमच्यासारखे लोक अचानक व्हेंडरना फोन करतात, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) आहे का हो, इतके दिवस ज्यांचा फोन उचलत नव्हतो त्यांना. ट्रस्ट, सोसायटी, बचत गट यांना पण उद्यम रजिस्ट्रेशन करता येतं. ताईंनी केलेलं आहे, नंबर बिलावरच छापलाय, मोठ्या टायपात. पण कायदा हातात असणं आणि केस लढणं वेगळं, मोठ्या गिऱ्हाइकाला नोटीस पाठवली की पैसे येतील कदाचित, गिऱ्हाईक मात्र गेलंच. म्हणून पाटी.

आणि हे उधारीचं दुखणं आजचं नाहीये. ताईंच्या टेबलाच्या काचेखाली एक फोटो आहे, मला आधी वाटलं त्यांच्या आईचा असेल, विचारलं तर म्हणाल्या प्रेमाताई पुरव. ज्यांचं बालपण लालबाग परळमध्ये गेलंय त्यांना सांगायला नको, पण नवीन पिढीसाठी सांगते. गिरणगावात कापड गिरण्यांत कामाला कोकणातून, घाटावरून आलेले कामगार एकेकटे राहायचे, बायकापोरं गावाला, आणि त्यांना जेवू घालायच्या चाळीतल्या खानावळवाल्या बायका. दहा बाय बाराच्या खोलीत स्वतःचा संसार आणि वर दहा पंधरा माणसांचं दोन वेळचं जेवण. कामगार पैसे देणार पगार झाल्यावर, म्हणजे बाई महिनाभर आधी खर्च करणार, तर ती धान्य उचलणार वाण्याकडून उधारीवर, वाणी भाव चढा लावणार, नाहीतर सावकार, तिथे दागिना किंवा भांडी गहाण. महिना संपला की हातात आलेला पैसा मागच्या उधारीत जायचा आणि परत नवीन उधारी. आणि संप झाला की कामगाराकडेच पैसे नाहीत, पण जेवायला तर घालायलाच लागतं, गावचा माणूस उपाशी कसा ठेवायचा. युनियनला चंदा मिळायचा, घोषणा व्हायच्या, पण त्या संपाचा अर्धा खर्च या बायका उचलत होत्या हे कुणाच्या हिशोबातच नव्हतं.

प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या, मग मुंबईत येऊन कामगार चळवळीत. त्यांच्या ते लक्षात आलं आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झालं, अगदी सुरुवातीला १४ जणी होत्या. १९६९ ला बँका सरकारी झालेल्या, १९७२ पासून गरिबांना ४ टक्क्यांनी कर्ज देण्याची योजना कागदावर होती, पण चाळीतल्या बाईला बँकेच्या दारात कोण उभं करणार? तिच्याकडे ना तारण ना जामीन. मंडळाने काय केलं तर एकमेकींना जामीन राहायला लावलं. आज बचत गटाबद्दल सगळे बोलतात, तेव्हा हे नाव पण नव्हतं फारसं. ४ टक्क्यांचं कर्ज मिळालं म्हणजे बाई वाण्याकडे रोख पैसे घेऊन जाऊ लागली, आणि रोख पैसे असले की भाव करता येतो, खडे निवडून दाखवता येतात, दुसऱ्या दुकानात जाता येतं. सगळा खेळ तिथेच आहे हो. स्वयंपाक तर तिला आधीपासूनच येत होता, कुणी ट्रेनिंग द्यायची गरज नव्हती.

पुढे १९८२ च्या गिरणी संपानंतर तो डबा खाणारा कामगारच गावाला निघून गेला, खानावळी ओस पडल्या. मंडळ केटरिंगकडे वळलं, ऑफिसांना जेवण देऊ लागलं. प्रेमाताईंना २००२ ला पद्मश्री मिळाली. त्यांची मुलगी मेधा पुरव सामंत, तिने बँकेतली चांगली नोकरी सोडून १९९३ ला पुण्यात अन्नपूर्णाचं काम सुरू केलं, वस्त्यांमधल्या बायकांना छोटी कर्जं, विमा, पाळणाघर असं. म्हणजे आईने बायकांना बँकेत नेलं आणि मुलगी बँक सोडून बायकांकडे आली. (माझी आई मला बँकेच्या परीक्षा दे म्हणून अजून मागे लागते, चाळिशी आली तरी, तो विषय वेगळा.)

आमच्या या ताई त्याच पठडीतल्या, पण त्यांची सुरुवात शिवणक्लासपासून झाली. जेवण झाल्यावर गर्दी ओसरली की त्या बोलतात, त्या आधी गेलात तर फक्त "काय देऊ" एवढंच. नव्वदीच्या शेवटी शेवटी त्या एका संस्थेत लागल्या, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि सगळीकडे एकच धडा. शिवणक्लास, ब्युटीपार्लर, मेणबत्त्या, परत शिवणक्लास. सहा महिने ट्रेनिंग, सर्टिफिकेट, पाहुण्यांच्या हस्ते मशीन, फोटो. वर्षभराने घरी जाऊन बघावं तर मशीन पलंगाखाली, वर गाद्या. बाई आळशी म्हणून नाही. ब्लाउज शिवायला गल्लीत आधीच चौघी आहेत, आणि रेडिमेडवाल्याचं काम घरी आणलं तर पीस मागे जे मिळतं त्यात दोरा आणि लाईटबिल पण सुटत नाही. पण फंड देणाऱ्याच्या फॉर्मात रकाना असतो "किती महिलांना प्रशिक्षण दिले", तो भरला की संपलं. ताईंच्या वहीत वेगळा रकाना आहे, वर्षाने कोण अजून कामावर आहे आणि महिन्याला हातात किती पडतात. त्यांनी मला पान दाखवलं, नावं झाकून. काही ओळींवर रेघ मारलेली होती आणि पुढे कारण, एका शब्दात. गाव. आजारपण. नवरा. दुसरी नोकरी. "ही दुसरी नोकरीवाली रेघ मला आवडते," ताई म्हणाल्या, "हॉटेलात गेली, आमच्यापेक्षा तीन हजार जास्त." कुठल्या मालकाला तयार माणूस सोडून गेल्याचा आनंद होतो सांगा.

या कामाला लोक समाजसेवा म्हणतात आणि डोळ्यासमोर काय येतं तर खादीची साडी, भाषण, दीपप्रज्वलन. प्रत्यक्षात ताईंचा दिवस कसा जातो तर गव्हाचा भाव, एक्झॉस्ट फॅन बिघडला, फूड लायसन्सचं रिन्यूअल, ईएसआयसीची (सरकारी कामगार विमा) साईट चालत नाही, कुणाचा खाडा आहे त्या जागी कोण. इथे सगळ्यांना ईएसआय आहे, दहा किंवा जास्त माणसं आणि पगार २१ हजारांच्या आत म्हणजे द्यायलाच लागतो, पण वागळेमधले किती गाळेवाले देतात हे मला नका विचारू, आणि इथल्या बायका वागळेच्याच ईएसआय हॉस्पिटलचं कार्ड पर्समध्ये घेऊन फिरतात. 

आतमध्ये एक पांढरा बोर्ड आहे, त्यावर आठवड्याचं टेबल. पोळी, भाजी, सोलणं निवडणं, भांडी, काउंटर, हिशोब, असे रकाने आणि दर आठवड्याला नावं सरकतात. भांड्यावर कायम एकच बाई असं नाही, आणि काउंटरवर कायम गोरीगोमटी बोलकी बाई असं पण नाही. हिशोबाच्या रकान्यात पण सगळ्याजणी येतात, जिला लिहिता येत नाही तिच्याबरोबर दुसरी बसते. यामुळे गिऱ्हाइकाला थोडा त्रास होतो तो पुढे लिहितेच. पोळीचा उंडा वजनकाट्यावर टाकून बघतात, प्रत्येक नाही, मधून मधून एखादा, ४० ग्रॅम. एकदा मी बोलत उभी होते तर पोळीवाल्या बाईने हाताने चिमूट काढून काट्यावर टाकली, बरोब्बर ४०, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी टाळ्याच वाजवायच्या बाकी होत्या.

पाळ्या दोन आहेत, सकाळी ६ ते ११ आणि ११ ते ४, आणि या वेळा कशा ठरल्या माहितीये? पाण्यावरून. ज्यांच्या वस्तीत सकाळी पाणी येतं त्या दुसऱ्या पाळीला, ज्यांच्याकडे दुपारनंतर येतं त्या पहिल्या. ताई म्हणतात आधी त्यांनी ९ ते ५ ठेवलं होतं, बायका यायच्या आणि चार दिवसांत सोडायच्या, सगळे म्हणायचे यांना कामाची सवय नाही, टिकत नाहीत. मग एकीने सांगितलं की ताई पाणी भरायला घरी कोणी नाही. नुसत्या वेळा बदलल्या तर बायका टिकल्या. कुठला मॅनेजमेंटवाला हे पीपीटीमध्ये सांगेल? सोसायटीतल्या टाकीचं पाणी पिणाऱ्याला सुचणारच नाही ते.

आणखी एक, याच्यावर लोकांची मतं मला माहितीयेत म्हणून आधीच लिहिते. ताई पगार घेतात. हो, महिन्याचा, ठरलेला, आणि तो किती आहे ते वार्षिक अहवालात छापतात. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर याच्यावरून केवढी चर्चा झाली होती, समाजसेवा करायची आणि पगार पण घ्यायचा, वगैरे. का नको घ्यायला? पहाटे साडेपाचला गाळ्याचं शटर वर करणारी बाई फुकट राबली तर ती चांगली, आणि भाडं भरायला पगार घेतला तर वाईट, आणि हे म्हणणारे स्वतः दुपारी चारनंतर ऑफिसात क्रिकेटचा स्कोअर बघत असतात. उलट फुकट काम करणाऱ्या माणसाला तुम्ही जाब विचारू शकत नाही. पगार घेणाऱ्याला विचारता येतो. मी विचारला पण एकदोनदा, बिलात गोंधळ होता तेव्हा.

काम करायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, याबाबतीत लिज्जत पापडचं मला कायम कौतुक वाटतं. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, पहिल्या दिवशी झाली ४ पाकिटं. आणि तेव्हाच ठरवलं की देणगी कुणाची घ्यायची नाही, तोटा झाला तरी. आज चाळीस हजारांवर बहिणी (सभासद बायका) आहेत. त्यांची पद्धत साधी, सकाळी शाखेतून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचं आणि मजुरी घेऊन जायचं. आणि ज्या बायका संस्था चालवतात त्या पण पोळपाटावरूनच वर आलेल्या असतात, बाहेरून कोणी मॅनेजर आणून बसवत नाहीत. त्या पहिल्या सात जणींमधल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली, ६० वर्षांनी म्हणजे! ताईंना मी विचारलं तुमच्यानंतर कोण, तर त्यांनी बोर्डावरच्या हिशोबाच्या रकान्याकडे मान हलवली. तिथे त्या आठवड्याला जिचं नाव होतं ती तीन वर्षांपूर्वी भांड्यांवर लागलेली. बँकेत तीच जाते आता, आणि आमच्या ॲडमिन साहेबांना हिशोबाचा फोन पण तीच करते, आणि साहेब उचलतात.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक म्हणजे तुम्हाला वाटेल मला फुकट थाळी मिळते.

पहिली, भाजीची चव आठवड्याप्रमाणे बदलते. नावं सरकतात ना बोर्डावर, त्यामुळे एका आठवड्यात भेंडी कुरकुरीत आणि दुसऱ्या आठवड्यात तीच भेंडी लिबलिबीत. मिठाचं पण तसंच. पोळीला काटा आहे तसं भाजीला पण काहीतरी प्रमाण लिहून भिंतीवर लावा असं मी सांगितलंय, त्यांनी मान डोलावली, लावलेलं अजून दिसलं नाही. दुसरी, फोन. ११ ते २ मध्ये फोन कोणी उचलतच नाही, आणि नेमकी तीच वेळ असते जेव्हा आपल्याला सांगायचं असतं की आज दोन डबे कमी पाठवा. व्हॉट्सॲप करा म्हणतात पण निळ्या टिका पण तीनलाच येतात. तिसरी, रस्सा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात, गरम गरम. हे मला अजिबात पटत नाही, घरचा डबा नेला तर ५ रुपये कमी करतात हे चांगलं आहे पण कोण रोज डबा घेऊन फिरणार.

चौथी मोठी. साडेचारला बंद. रविवारी बंद. आम्ही ऑफिसातून सुटणार साडेसहाला, घरी जाताना पोळ्या न्याव्यात तर शटर खाली. संध्याकाळची पाळी का नाही विचारलं तर उत्तर असं की रात्री आठ नऊला किसननगरच्या गल्ल्यांतून बाईला एकटं घरी पाठवायचं तर रिक्षाचे पैसे द्यायला लागतील, आणि ते पोळीवर टाकले तर पोळी १५ ची होईल, घेणार का? मी म्हटलं मी घेईन. त्या म्हणाल्या तू घेशील, बाकीचे? ऑफिसात विचारलं तर निम्मे जण नाही म्हणाले. तर तो विषय सध्या तिथेच आहे. माझं अजून म्हणणं आहे की आठवड्यातून दोन दिवस करून बघायला हरकत नाही, संध्याकाळचं गिऱ्हाईक दुपारच्या दुप्पट आहे या भागात, ते सगळं कोपऱ्यावरचा ८ रुपयेवाला खाऊन टाकतो.

पाचवी, दिवाळी फराळ. चकली उत्तम, भाजणी घरी भाजून दळलेली कळते, अनारसे तर अप्रतिम, जाळी पडलेले, पण चिवडा तेलकट आणि करंज्या दुसऱ्या दिवसापासून मऊ पडायला लागतात. आणि बुकिंगचा गोंधळ विचारू नका, नवरात्रातच नाव नोंदवावं लागतं, पैसे पूर्ण आधी, पावती जपून ठेवा. पावती नाही तर फराळ नाही, मी माझ्या डोळ्यांनी एका बाईंना परत पाठवलेलं बघितलंय, त्या नेहमीच्या गिऱ्हाईक होत्या तरी.

एकूण विचाराल तर पोळीला पाचपैकी पाच, थाळीला चार, भेंडीला आठवडा बघून. हिशोबाला पाच, आणि तो मी सहसा कोणाला देत नाही. ज्यांची छोटी ऑफिसं आहेत वागळेत त्यांनी डबे लावायला हरकत नाही, फक्त तुमच्या परचेसवाल्याला आधीच सांगून ठेवा की क्रेडिट मागून स्वतःचं हसं करून घेऊ नको. जीपे चालतं, कार्ड नाही. बसायला पाचच टेबलं आहेत, साडेबारानंतर उभ्यानेच खायला लागतं. थालीपीठ फळ्यावर लिहिलेलं नसतं, विचारलं तर करून देतात, लोण्याचा गोळा मागून घ्या, आपणहून देत नाहीत. आणि गुरुवारी अळूवडी असते, बाराच्या आत जा, नंतर संपते, मग उगाच मला शिव्या देऊ नका.